आठ बाजूंची कोठी

आमच्या दारव्ह्यातले बाबूराव मिस्तरी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला कान लावत. यजमान "या, बसा" म्हणत ताटकळलेला, आणि हे डोळे मिटून विटांचं ऐकताहेत. मग, भिंत सरळ आहे का पाहायला सोडतात त्या ओळंब्याच्या भाषेत विचारत, "ओळंब्यात हाये ना सारं?" आजाऱ्यालाही हेच, नवरदेवालाही हेच.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. भाव येईल या आशेवर लोकांनी कापूस घरातच कोंबलेला. बांधकाम कोण काढणार? मिस्तरी रिकामे. त्यांच्याही दोन खोल्यांत आढ्यापर्यंत कापूस, आणि त्याच्या धुळीनं त्यांची बायको, सखूवहिनी, दिवसभर खोकत.

एकदा मिस्तरींनी वहिनींच्या देखत रद्दीतलं एक पान माझ्या हाती दिलं. चित्रात आठ बाजूंचा दगडी मनोरा, वर सुळक्यासारखं छप्पर, चढायला जिना, खाली ठेंगणं दार.

"गुरुजी, हे काय होय?"

मी इतिहासाचा मास्तर. 'माहीत नाही' हे उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नाही. "तुर्कांची धान्याची कोठी," मी ठोकून दिलं. "वर माल, खाली हवा."

"आयकलं का व?" मिस्तरी वहिनींना म्हणाले. "कोठी हाये म्हनते गुरुजी!"

जुन्या विटांची तश्शीच कोठी परसात उभी राहिली. कुणी देऊळ समजून हात जोडी, कुणी टाकी समजून नळ शोधी. मी प्रत्येकाला थांबवून तुर्की धान्यसाठ्याचा इतिहास सांगे.

मग वाचनालयात तेच चित्र भेटलं. खाली छापलेलं: सेल्जुक तुर्कांच्या काळातली कबर. तळघरात देह, वरची खोली भेटीला येणाऱ्यांसाठी.

भर दुपारी धावत गेलो. मिस्तरी मनोऱ्याला कान लावून उभे.

"मिस्तरी, घात झाला! हे थडगं आहे!"

त्यांनी माझं तोंडच दाबलं. "हळू! मले माहीत हाये. पानाच्या मागंच लिवलं होतं. तुमी पलटवलंच नाई."

"मग मला कशाला विचारलं?"

"तुमाले माहीत नसन, याचा भरवसा होता. कापूस हलवला असता तं अजून धूळ उडाली असती. म्हून सखूलेच इकडं आनलं. वर खाट हाये तिची. थडगं म्हनलो असतो तं चढली असती का ते?"

"अहो, पण थडग्यात जिवंत माणूस..."

"येवढी चांगली हवा मेलेल्या मानसाले कायले पायजे, गुरुजी?"

गोंधळून मीही भिंतीला कान लावला. काहीच ऐकू येईना.

"झोपली," मिस्तरी कुजबुजले. "खोकला नाई. ओळंब्यात हाये सारं."