समुद्राची घरगुती चाचणी

हे कोणाला सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय. आईने मला बजावलंय, बाबांनी विनवलंय, आणि बाबांच्या साहेबांनी तर "हे आपल्यातच राहू दे" असं म्हणताना माझ्याकडे इतक्या गंभीरपणे पाहिलं, की जणू कंपनीच्या तिजोरीची किल्लीच माझ्या हातात ठेवली. पण तिघांनीही 'बोलू नकोस' एवढंच सांगितलं. लिहू नकोस असं कोणी म्हटलेलं नाही. (मी लिहिते हे आमच्या घरात कोणाच्या लक्षातच नसतं. मी बोलत नाही एवढंच सगळ्यांना माहीत आहे. आणि जे काही बोलते ते ओठांतल्या ओठांत, म्हणून घरी मला पुटपुट म्हणतात.)

बाबा कुलपांच्या कारखान्यात चाचणी विभागात आहेत. नवीन कुलूप दुकानात जाण्याआधी बाबा ते दिवसभर लावतात आणि उघडतात, आपटतात, तापवतात, गार करतात, आणि एवढं सोसूनही ते शहाण्यासारखं वागलं तर त्यावर पासचा शिक्का मारतात. कंपनीने समुद्रकाठच्या एका गावात नवीन शाखा काढायचं ठरवलं, तेव्हा साहेबांनी बाबांना विचारलं, "तिकडे जाल का?" दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता किंवा नाही म्हणाला असता. बाबा म्हणाले, "चाचणी करून सांगतो."

त्या दिवशी जेवताना विषय निघाला. आई घरी शिवणकाम करते. ती म्हणाली, "इतकी वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं काय ट्रंकेत भरून नेऊ?"

आजोबा म्हणाले, "मी तर उद्याही निघेन. समुद्र मी आजवर फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. तोही एकाच महिन्याचा."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की नवीन गाव म्हणजे नवीन शाळा, आणि नवीन शाळा म्हणजे पहिल्याच तासाला बाई म्हणणार, "उभी राहा आणि सगळ्यांना तुझी ओळख करून दे." आताच्या शाळेत मला कोणी काही विचारत नाही. त्यासाठी मी कितीतरी वर्षं मागच्या बाकावर गप्प बसून मेहनत घेतलीय. ती सगळी पाण्यात जाणार होती. (हे मी ताटाकडे बघून पुटपुटले. आईला वाटलं मी मीठ मागतेय.)

"दोन दिवस जाऊन बघून या ना," आई बाबांना म्हणाली.

"दोन दिवस पाहुणा म्हणून गेलं की सगळीच गावं चांगली वाटतात. राहून बघायला हवं."

"मग राहून या."

"रजा कुठे आहे?" बाबा म्हणाले. मग त्यांनी पुढच्या खोलीकडे असं काही पाहिलं, की आईने हातातला डाव खाली ठेवला. ती नजर तिच्या ओळखीची आहे.

आपण समुद्राकडे जाऊ शकत नसू, तर समुद्र घरी आणायचा, असं बाबांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमची पुढची खोली समुद्रकाठ झाली. खिडक्या बंद. कोपऱ्यात शेगडीवर मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी सतत उकळत ठेवलेलं. दोरीवर ओल्या चादरी. त्यावर पंखा पूर्ण वेगात, कारण तिकडे वारा असतो. आणि झाडांवर पाणी मारायच्या बाटलीत मिठाचं पाणी भरून ती माझ्या हातात देण्यात आली. येता-जाता प्रत्येक वस्तूवर फवारा मारायचा, हे माझं काम. मीठ किती घालायचं, तर भरपूर. कारण कारखान्यात वर्षांची झीज काही दिवसांत घडवून आणायची पद्धत असते. तिला बाबा 'घाईची चाचणी' म्हणतात. (मी ते काम अतिशय मनापासून केलं. समुद्र जितका वाईट ठरेल तितकं माझं भलं होतं. मला कोणी कधी इतकं सोयीचं काम दिलं नव्हतं.)

आजोबा टोपी घालून त्या धुक्यात खुर्ची टाकून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "हवा चांगली आहे रे. पण लाटा नाहीत."

झालं. बाबांनी बादली आणली आणि आजोबांच्या शेजारी बसून, पेपर वाचता वाचता, एका पायाने बादलीतलं पाणी हलवायला लागले.

"आता?"

"आता बरं वाटतंय. वास मात्र यायला हवा. मासळीचा."

"वासाची चाचणी सुरू झाली तर मी माहेरी जाईन," आई आतून म्हणाली. "आणि येणार नाही."

वास रद्द झाला. बाकी सगळं चालू राहिलं. माझ्या वह्यांची पानं कडेने वळली. बिस्किटं लुळी पडली. भिंतीवरचं घड्याळ आधी मागे पडलं आणि मग बंदच पडलं. आईच्या शिलाई मशीनचं चाक कुरकुरायला लागलं. शेजारच्या नर्सकाकूंचा पांढरा गणवेश आईने शिवून ठेवला होता, तो वाळेचना. शेवटी आईने तो ओलाच इस्त्री केला, तर खोलीतल्या वाफेत आणखी थोडी भर पडली एवढंच.

"अहो, हा काय प्रकार आहे?" ती म्हणाली. "माणसं समुद्रावर जातात ती मजा करायला ना?"

"मजा करणारे परत येतात. आपल्याला तिथे राहायचंय," बाबा म्हणाले.

या सगळ्यात एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. नवीन शाखेत जे कुलूप विकायचं होतं, त्यातलं एक बाबांनी घरी आणलं आणि आमच्या पुढच्या दाराला बसवलं. मी टॉर्च धरून उभी होते, त्यामुळे मला माहीत आहे. बाबांनी ते असं बसवलं, की कंपनीच्या जाहिरातीतही इतकं सरळ बसलेलं नसेल. मग त्यावरही फवारे सुरू झाले. येताना एक, जाताना एक. (जाताना मी दोन मारत असे.)

शनिवारी संध्याकाळी आईने तिची कापड कापायची कात्री बाबांच्या समोर ठेवली. ती गंजून तांबूस झाली होती. शेजारी नर्सकाकूंचा गणवेश ठेवला. त्याच्या खिशावर कात्रीचा अख्खा ठसा उमटला होता.

बाबांनी दोन्हींकडे पाहिलं. मग शेगडी बंद केली.

"चाचणी पूर्ण. समुद्र नापास," ते म्हणाले. "उद्या साहेब उत्तर विचारायला येणार आहेत. त्यांना नाही सांगून टाकतो."

आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आईने खिडक्या उघडल्या. मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि गाणं म्हटलं. मोठ्याने. म्हणजे माझं मला ऐकू येईल इतपत.

रविवारी सकाळी घंटी वाजली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी गेले. त्यांनी कुलपाचा खटका फिरवला. खटका फिरला नाही. पुन्हा फिरवला. मग दोन्ही हातांनी. मग आजोबांनी बाबांची कंबर धरून ओढलं. याने काय होणार होतं ते आजोबांनाच माहीत.

"घरी आहात ना?" बाहेरून साहेबांचा आवाज आला.

"हो साहेब. या ना, या," बाबा म्हणाले.

"येतो. दार उघडा."

"हो, हो. बसा."

"कुठे बसू? मी पायरीवर उभा आहे."

"एकच मिनिट. दार जरा... दार सध्या कामात आहे साहेब."

मग नर्सकाकूंचा आवाज आला. त्यांना कोणाच्याही दारात माणूस थांबलेला दिसला की काळजी वाटते. "काय झालंय? कोणाला बरं नाही का? गेले काही दिवस यांच्या खिडक्या बंद आहेत आणि आतून वाफ येतेय. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, यांच्याकडे कोणीतरी आजारी आहे."

"संसर्गाचं काही नाही ना?" साहेबांचा आवाज पायरीवरून थोडा मागे गेला.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर घातला. कुलपाची मूठ निघाली आणि त्यांच्या हातात आली. कुलूप जागचं हललं नाही. आईने कपाळाला हात लावला. घरातल्या सगळ्या खिडक्यांना गज आहेत. फक्त स्वयंपाकघरात भांडी घासायच्या ओट्यावरची छोटी खिडकी मोकळी आहे. तिच्यातून जाऊ शकेल असं घरात एकच माणूस होतं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"पुटपुट," बाबा हळूच म्हणाले, "बाहेर जाऊन फक्त नमस्कार म्हण. बाबा येतायत म्हणून सांग. मिठाचं अजिबात बोलू नकोस."

"ती कशाला बोलतेय," आई म्हणाली. "तिने नमस्कार म्हटलं तरी खूप झालं."

मी खिडकीतून बाहेर पडले. (एक पाय कढईत पडला. ते कोणी पाहिलं नाही.) वळसा घालून पुढे आले तेव्हा साहेब दाराला कान लावून वाकले होते आणि नर्सकाकू त्यांच्या मागे. मी नमस्कार म्हटलं. दोघांनाही ऐकू आलं नाही. बाबा येतायत असंही सांगितलं. तेही ऐकू आलं नाही. माझं काम संपलं होतं. मी तिथून निघणारच होते.

तेवढ्यात साहेब सरळ उभे राहिले आणि हसून नर्सकाकूंना म्हणाले, "आमच्याच कारखान्याचं कुलूप आहे. यांनी चुकीचं बसवलेलं दिसतंय. चाचणी करणारे लोक, त्यांना बसवण्यातलं काय कळणार."

मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी बोलायला लागले. मोठ्याने. मी सांगितलं, की कुलूप अगदी बरोबर बसवलंय, टॉर्च मी धरला होता, चारही स्क्रू सारखे बसलेत. चूक बसवण्यात नाही, कुलपात आहे. मग पातेलं, चादरी, पंखा, घाईची चाचणी, फवारे, कात्री, घड्याळ, सगळं सांगितलं. कोणत्या दिवशी खटका जड झाला, कधी आवाज बदलला, कधी भोकाशी हिरवट थर आला, तेही सांगितलं. बादलीतल्या लाटासुद्धा सांगितल्या. आणि शेवटी म्हटलं, "समुद्रकाठी हे कुलूप घेतलेल्या प्रत्येक माणसाला अशीच खिडकीतून ये-जा करावी लागेल. म्हणून बाबा तिकडे जाणार नाहीत."

दाराच्या आतून आईचा आवाज आला, "हे कोण बोलतंय?"

"आपलीच आहे," आजोबा म्हणाले.

साहेब हसायचे थांबले होते. त्यांनी कुलपाच्या भोकावरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. "खारट आहे," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि पायरीवर खाली बसले. "अहो, सगळा माल तिकडे जायला तयार आहे. परवा गाडी निघणार होती."

एवढ्यात खडखड आवाज झाला आणि आमचं दार उलट्या बाजूने उघडलं. बाबांनी आतून बिजागऱ्या काढल्या होत्या. दार त्यांच्या आणि आजोबांच्या हातात आलं. कुलूप मात्र दाराला तसंच लागलेलं होतं. बाबा घामाघूम होऊन म्हणाले, "एक आहे साहेब. चोराच्या दृष्टीने पाहिलं तर कुलूप उत्तम आहे."

"घरच्या माणसालाही जे उघडत नाही त्याला भिंत म्हणतात," साहेब म्हणाले. मग ते उठले आणि बाबांचा हात हातात घेतला. "अशी चाचणी आपल्याकडे आजवर कोणी केली नाही. केवढी नाचक्की वाचवलीत. तिकडच्या शाखेत दुसरं कोणी चालणारच नाही. तुम्हीच हवे."

आता यावर नाही म्हणायचं होतं. सगळं ठरलेलं होतं. पण बाबांना चाचणी विभागात इतक्या वर्षांत कोणी शाबास म्हटलेलं नाही. ते कुलपं नापास करतात, त्यामुळे कारखान्यात ते दिसले की लोक रस्ता बदलतात. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि एक सुस्कारा सोडून म्हणाली, "शिवणासाठी वेगळी खोली लागेल. आणि तिथे वाफ चालणार नाही."

आजोबांनी टोपी घातली.

थोडक्यात, समुद्र नापास झाला आणि म्हणूनच आम्ही तिकडे निघालोय. मी गप्प बसले असते तर साहेब चहा पिऊन, बाबांचं नाही ऐकून निघून गेले असते. आयुष्यात एकदाच मोठ्याने बोलले, आणि बोलून स्वतःचं गाव घालवून बसले.

यापुढचं आणखी वाईट आहे. तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका साहेबांच्या सख्ख्या बहीण निघाल्या. साहेबांनी त्यांना सांगितलंय, की येणारी मुलगी फार उत्तम बोलते, तपशिलात बोलते आणि कोणालाही घाबरत नाही. त्यामुळे मला वर्गात उभं राहून ओळख करून द्यावी लागणार नाही. ती सभागृहात करून द्यायची आहे. अख्ख्या शाळेसमोर. माइकवर. पुढे 'निरीक्षण कसे करावे' या विषयावर बोलायचंही आहे.

आई आनंदाने सगळीकडे सांगत सुटलीय. बाबा म्हणतात, आधी घरी चाचणी घेऊ, आणि त्यांनी नर्सकाकूंच्या घरून सगळ्या खुर्च्या आणून पुढच्या खोलीत मांडल्यात. आता आई हाक मारतेय, मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आलाय, त्यांना माझा आवाज ऐकायचाय. आले, आले. पण मी ठरवलंय, या वेळी गप्प बसायचं नाही. फोन घेऊन त्यांना अगदी स्पष्ट आणि मोठ्या आवाजात, न घाबरता, सगळ्या कारणांसकट सांगणार आहे, की मला मुळी बोलताच येत नाही.