ज्येष्ठतमांनी चमचा उचलेपर्यंत

वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी दर शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोरियन खाणावळीत जेवायला जात असत. यात बेकायदेशीर असे काही नव्हते. खाणावळ लहान होती. टेबलांचे कोपरे घासून गोल झाले होते आणि काचेवरची निम्मी अक्षरे गळून पडल्यामुळे आत काय मिळते हे वासावरूनच कळे. मालकीणबाई स्वतः कोरियाच्या. त्या स्वयंपाकघराच्या दारातून अर्ध्या बाहेर येत, "आज सूप छान झालंय" एवढे सांगत आणि उत्तराची वाट न बघता आत जात. मग न मागता लहान लहान वाट्या टेबलावर येत. मुरवलेला कोबी, तिळाच्या तेलातले मोड, तिखट मुळा. संपल्या की पुन्हा येत. त्यांचे पैसे नव्हते आणि मोजदादही नव्हती.

वडिलांना याचे फार अप्रूप होते. "जन्मभर मापात मारणारी माणसं पकडली," ते म्हणत, "आणि इथे मापच नाही. पकडू कुणाला?"

मग खाणावळीचे दिवस पालटले, म्हणजे तिथे सल्लागार आले. मालकीणबाईंच्या भाच्याने त्यांना आणले होते. सल्लागारांनी आठवडाभर पाहणी करून निष्कर्ष काढला की इथे लोक नुसतेच येतात आणि जेवून जातात. या बेशिस्तीवर उपाय म्हणून खाणावळीचे 'अनुभव केंद्र' झाले. शेजारच्या दुकानाची भिंत पाडून दालन मोठे करण्यात आले, आणि भिंतीवर एक अनुभव अधिकारी नेमण्यात आला. भिंतीवर अशासाठी, की तो कायम तिला टेकूनच उभा असे. मालकीणबाईंना कोरियन आदरातिथ्याच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी पाठवण्यात आले, कारण त्यांच्यात ते कमी पडते असे पाहणीत आढळले होते.

याच पाहणीत सल्लागारांच्या कानावर आले की कोरियन घरांत पंगतीतल्या सर्वांत मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय बाकीचे जेवायला सुरुवात करत नाहीत. ही घरातली रीत होती. पण घरातली रीत दालनभर लागू केली तर ती किती पटींनी अस्सल होईल, हा हिशेब सल्लागारांनी चुटकीसरशी केला. अशा खाणावळीतल्या टेबलांना बाजूला खण असतो आणि चमचे, जेवायच्या काड्या त्यातच ठेवलेल्या असतात. या खणांना आता विजेची कुलपे बसली. दालनात नोंदणी असलेल्या सर्वांत वयोवृद्ध ग्राहकाने आपल्या टेबलावरच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर अंगठा ठेवायचा, त्याचा खण उघडायचा, त्याने चमचा उचलायचा, घंटा वाजायची, आणि मग सर्वांचे खण एकदम उघडायचे.

निवृत्त निरीक्षकांना 'ज्येष्ठतम ग्राहक' म्हणून घोषित करण्यात आले, तो शनिवार साधाच होता. त्यांना लाल कापडी पट्टा घालण्यात आला. लोकांनी फोन वर धरले.

"बाबा, नाही म्हणा ना त्यांना," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "सगळे बघताहेत."

"बघू देत गं. नोकरीत माझा शिक्का बसल्याशिवाय एक वजन बाजारात जात नव्हतं. आता मी चमचा उचलल्याशिवाय एवढी माणसं जेवणार नाहीत. ही बढती आहे. तीही निवृत्तीनंतर."

"पट्टा तरी काढा. सुपात जातोय."

"जाऊ दे. मानाचा पट्टा आहे, चव घेऊ दे त्यालाही."

त्यांनी चमचा उचलला, घंटा वाजली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उकळत्या मातीच्या भांड्यातले सूप दोघांनी वाटून घेतले. ते भांडे दोघांपेक्षा कमी माणसांना मिळत नाही. वडिलांनी नेहमीप्रमाणे तिच्या वाटीत टोफूचे तुकडे जास्त घातले आणि नेहमीप्रमाणे चुकून पडल्याचे सांगितले. घरी जाताना गुडघा दुखतो म्हणाले. पायपुसणे बदलायला झालंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

त्यानंतरची व्यवस्था चोख होती. नातेवाईक आले आणि वडील सुटले असे म्हणाले, जणू ते कुठेतरी अडकून पडले होते. आत्या म्हणाली, देवाघरी गेले. बँकेतल्या बाईंनी खाते 'शांत' झाल्याचे सांगितले. विमा कंपनीने त्यांच्या 'प्रवासाला' शुभेच्छा पाठवल्या, पण त्या बहुधा दुसऱ्याच कुणाच्या होत्या. शेजाऱ्यांनी डबे पाठवले. प्रत्येक डब्याबरोबर निरोप असे: "घाई नाही हं, सावकाश द्या. फक्त झाकणासकट."

मुलगी वाचणारी होती. मरणावर लिहिलेली चांगली चांगली पुस्तके तिने वाचली होती, काहींच्या समासात खुणाही केल्या होत्या. एवढे वाचूनही तिला तो साधा शब्द तोंडातून काढता येईना. पेपरवाल्याला ती म्हणाली, "बाबांचा पेपर आता नको." दाताच्या डॉक्टरांना म्हणाली, "ते येऊ शकणार नाहीत." कुणी पुढे विचारलेच तर मान हलवायची. समोरच्या माणसाचेही त्याने भागत असे, किंबहुना त्याला बरेच वाटे.

आणि तिला भूक लागत नव्हती. डबे येत, ती झाकण उघडून बघे, पुन्हा लावून ठेवी. झाकणांची काळजी करणाऱ्यांना तिच्याइतके चांगले गिऱ्हाईक मिळाले नसते. मग एका शनिवारी संध्याकाळी, इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवताना, तिला अचानक खरीखुरी, पोटात पिळवटणारी भूक लागली. तिला ते सूप हवे होते. दुसरे काही नको होते. तिने चपला घातल्या आणि ती निघाली.

वडिलांचे टेबल कायमचे राखीव होते, दोन माणसांसाठी. ते रिकामे असले की दालनातले खण उघडेच राहत. ती बसताच टेबलावरच्या पाटीवर प्रश्न उमटला: 'आपण दोघे आलात का?' खाली दोनच उत्तरे होती, 'हो' आणि 'दुसरी व्यक्ती वाटेत आहे'. तिने जरा विचार केला. दुसरे उत्तर तिला फारच खोटे वाटले, म्हणून तिने 'हो' दाबले.

इथवर सगळे सुरळीत झाले. सूप आले. ते उकळत होते आणि त्यात पळी उभी होती. वाट्या आल्या. खण उघडला नाही.

हळूहळू दालन भरले. सगळ्या टेबलांवर सुपे आली, टेबलांतल्या शेगड्यांच्या निखाऱ्यांवर मांस चरचरू लागले, आणि सगळे लोक हात मांडीवर ठेवून ज्येष्ठतमांच्या टेबलाकडे बघू लागले. अनुभव अधिकारी भिंत सोडून तिच्याजवळ आला.

"ताई, सर कुठे आहेत? हात धुवायला गेलेत का?"

"नाही. ते येणार नाहीत."

"पण पाटीवर ते आलेले दिसताहेत."

"मी दाबलं ते. मला सूप हवं होतं. एकटीला देत नाही तुम्ही."

अधिकाऱ्याने समजूतदारपणे मान हलवली. "काही हरकत नाही. आपण त्यांची अनुपस्थिती नोंदवू. कारण कुठलं घालू? दोनच आहेत. वाहतूक किंवा कंटाळा."

"दोन्ही नाही."

"तसं चालत नाही ना ताई. रागावलेत का सर आमच्यावर? गेल्या वेळी पट्टा जरा घट्ट झाला होता."

"रागावले नाहीत."

"मग पाच मिनिटांसाठी बोलवा. जेवू नका म्हणावं, नुसता अंगठा. फार तर मी पाटी घेऊन घरी जातो. तब्येतीचं काही असेल तर पडल्या पडल्याही अंगठा चालतो."

मुलीने सुपाकडे बघितले. वाफ कमी झाली होती. "तुम्ही त्यांचं नाव काढून टाका," ती म्हणाली.

"काढतो की! त्यासाठी फक्त त्यांचा अंगठा लागेल."

आता मागच्या टेबलांवर चुळबूळ सुरू झाली. मांस एका बाजूने करपू लागले होते आणि ते उलटायच्या काड्या खणात होत्या. काय चालले आहे असे कुणीतरी विचारले. अधिकाऱ्याने दोन्ही हात वर करून निवेदन केले: ज्येष्ठतम ग्राहक तांत्रिकदृष्ट्या उपस्थित आहेत, मात्र प्रत्यक्षात थोडा विलंब होत आहे. तरी सर्वांनी हा विलंब अस्सल अनुभवाचा भाग समजावा. यावर काही जणांनी खरोखरच समाधानाने माना हलवल्या. एका तरुणीने गार होणाऱ्या भाताचा फोटो काढला आणि खाली लिहिले, 'संयम.'

तासाभराने मात्र संयमाचा कस लागला. तेव्हा अधिकाऱ्याने सल्लागारांना फोन लावला, ऐकून घेतले आणि आनंदाने जाहीर केले, "मार्ग निघाला! ज्येष्ठतम पद पुढच्या ज्येष्ठ ग्राहकाकडे देता येतं. वय ही खासगी बाब असल्यामुळे आम्ही विचारणार नाही. जे सर्वांत मोठे असतील त्यांनी स्वतःहून हात वर करावा."

मांडीवरचे हात आणखी घट्ट मांडीवर बसले.

खरे तर तिथे उमेदवारांची वाण नव्हती. पण कुणाचे केस काळे होते, नको तितके काळे. कुणी पोट आत ओढून ताठ बसले. चष्म्यातून मेनू वाचत असलेल्या एकाने चष्मा काढून खिशात टाकला आणि मेनू उलटा धरला.

"सासूबाई, करा ना हात वर," एक जावई हळूच म्हणाला. "मानाचं आहे."

"जावईबापू, माझ्या डोक्यावर तुमच्यापेक्षा केस जास्त आहेत. मान तुम्हीच घ्या."

पलीकडे एक नवरा बायकोला म्हणत होता, "अगं, तू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहेस."

"लग्नाच्या वेळी लोकांना काय सांगितलं होतं तुझ्या आईने? तेच आजही लागू आहे."

मधल्या टेबलावरचे व्यायामशाळेचे मालक उठून उभे राहिले. लोकांना हायसे वाटले. ते म्हणाले, "मित्रहो, वय हा केवळ एक आकडा आहे."

"किती?" अधिकाऱ्याने उत्साहाने विचारले.

मालक खाली बसले.

स्वतःचे वय कुणालाच मान्य नव्हते, तेव्हा खोळंब्याचा दोष दुसऱ्या कुणाला तरी देणे भागच होते. सासूबाईंनी मान वळवली. "अहो बाई, तुमच्या वडिलांमुळे सगळे उपाशी बसलेत. एवढं काय मोठं काम निघालं त्यांना?"

"जबाबदारी घेतली की पाळायला हवी," उलट्या मेनूमागून आवाज आला.

"मागच्या वेळी कसा पटकन उचलला होता चमचा," व्यायामशाळावाले म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांचं हेच असतं. डोक्यावर बसवलं की भाव खातात."

"मी सरांच्या नावे सौम्य शब्दांत एक ताकीद पाठवतो," अधिकारी मुलीला म्हणाला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आपोआपच जाते."

मुलगी उठून उभी राहिली नाही. तिने आवाजही चढवला नाही. तिने पुढे वाकून सुपात उभी असलेली पळी उचलली. अशी पळी प्रत्येक टेबलावरच्या प्रत्येक भांड्यात संध्याकाळपासून उभी होती, आणि तिला कुलूप नव्हते. दालनातल्या सगळ्यांनी आधी तिच्या हाताकडे बघितले, मग स्वतःच्या भांड्याकडे, आणि मग, आपण बघितले हे कुणाला कळू नये म्हणून, छताकडे.

"ताई, हे नियमात बसत नाही," अधिकारी कळवळून म्हणाला. "ज्येष्ठतमांच्या आधी..."

"माझे बाबा मेले," ती म्हणाली.

अधिकाऱ्याचे बोट पाटीवर फिरता फिरता थांबले. कुणीतरी अरेरे म्हणाले. सासूबाईंनी "देवाघरी गेले हो" असे म्हणायला तोंड उघडले होते, पण मुलीचे बोलणे संपले नव्हते.

"गेले नाहीत, सुटले नाहीत, वाटेत नाहीत. मेले. इथे सगळ्यांत मोठे तेच होते. ते असेपर्यंत तुम्हाला कुणालाच तो हात वर करावा लागत नव्हता. आता तो तुमच्यातल्याच कुणाला तरी करावा लागणार. आज कुणाला, आणि त्यानंतर कुणाला, ते तुम्ही आपसात ठरवा. मला भूक लागली आहे."