सेनापतींचा हात

"रविवारी संध्याकाळी सगळे माझ्या घरी या. चहाचा दुसरा कप संपायच्या आत हे भांडण मिटवलं नाही, तर सेनापती हे नाव लावणार नाही!"

एवढं गटावर ठोकून देऊन सेनापतींनी फोन काउंटरच्या खणात सारला आणि समोरच्या बाईंना विचारलं, "हं, खालची ओळ वाचता येते का?"

सेनापती कुठल्या सैन्यात नव्हते. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. सेनापती हे त्यांचं 'नीलदुर्ग'च्या चाहत्यांच्या गटातलं नाव. 'नीलदुर्ग' हा त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात आपण एक भटका योद्धा व्हायचं, गावोगाव हिंडायचं, तलवारी गोळा करायच्या आणि वाटेत राक्षस भेटला की लढायचं. लढाई अतिशय सभ्य! आपण एक वार करायचा आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. मग राक्षस एक वार करणार. मग परत आपण. त्या सभ्यतेपायी सेनापती कॉलेजात दोनदा नापास झाले होते, पण त्याची खंत नव्हती.

आणि आता इतक्या वर्षांनी दुसरा भाग येणार म्हणून कंपनीने जाहीर केलं, ट्रेलर दाखवला, आणि गटात आग लागली. नव्या भागात कोणी कोणासाठी थांबतच नव्हतं! राक्षस पळत सुटलेले, योद्धा पळत सुटलेला, दे दणादण! गटाचे उभे दोन तुकडे झाले. जुन्या पद्धतीचे ते थांबकरी, नव्या पद्धतीचे ते धावकरी. थांबकऱ्यांचे पुढारी अर्थातच सेनापती. धावकऱ्यांचा पुढारी काळसर्प नावाचा एक इसम, ज्याला कोणी पाहिलं नव्हतं, पण ज्याची एकेक पोस्ट वाचून सेनापतींचं जेवण अंगाला लागत नसे. त्यातच कंपनीने कळवलं, की प्रत्येक गटाने आपलं एकच मत पाठवावं. जुनं की नवं? म्हणून ही तहाची बैठक.

अडचण एकच होती. घरात गटाचं नाव काढायची सोय नव्हती. मागे काळसर्पाला उत्तर लिहिण्याच्या नादात सेनापतींनी एका ट्रकड्रायव्हरला कुण्या आजोबांचा वाचायचा चष्मा देऊन टाकला होता. तो बिचारा भिंत धरधरून दुकानात परत आला, तेव्हा नेमकी बायको तिथे होती. त्याच दिवशी सेनापतींनी गट सोडायची शपथ घेतली होती.

पण रविवारचा दिवस त्यांनी विचार करून निवडला होता. बायको सोसायटीची सेक्रेटरी. रविवारी गच्चीवर तिची मीटिंग. विषय, जुनी लिफ्ट ठेवायची की नवी बसवायची. आईचे गुडघे आणि पाचवा मजला यांचं कधीच न जमल्यामुळे नव्या लिफ्टला मत द्यायला आईही गच्चीवर जाणार. घर मोकळं! सकाळी बायको काहीतरी म्हणाली होती. सेनापती तेव्हा फोनमध्ये होते. ते "हं" म्हणाले. नवरे म्हणतात तसं.

पाचच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक किडकिडीत, नम्र गृहस्थ. चपला काढून त्याने त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. मग घरातल्यांच्याही जोडून ठेवल्या.

"नमस्कार. मी काळसर्प. पोस्टात असतो."

सेनापती बघतच राहिले. यालाच आपण गेले कित्येक महिने मनातल्या मनात बुकलत होतो? मागोमाग विषकन्या आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि कट्टर थांबकरी होती. मग बाकीचे आले. हॉल भरला. सेनापती खाकरले, "मित्रहो..." आणि तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली.

"या, या, सगळे आत या!" बायकोचा आवाज. "गच्चीची किल्ली काही सापडली नाही. सकाळीच सांगून ठेवलं होतं ह्यांना, की मग आपल्याकडेच घेऊ."

पाठोपाठ अख्खी सोसायटी आत! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, तळमजल्यावरचे वकील, पहिल्या मजल्यावरचे त्यांचे दोन पाठीराखे आणि काकूंचा हात धरून धापा टाकत आई. सेनापतींच्या पायाखालची फरशी सरकली.

"अगबाई!" बायको हॉलमधली गर्दी बघून थबकली. "हे कोण?"

"हे... बी विंगचे!" सेनापतींच्या तोंडून निघून गेलं.

"बी विंगचे? ते कधी मीटिंगला येतात?"

"जागरूक झालेत."

बायकोचा चेहरा खुलला. ती खुर्च्या आणायला आत गेली. तेवढ्या वेळात सेनापतींनी काळसर्पाच्या आणि विषकन्येच्या कानाशी लागून सांगितलं, "हे आपलेच जुने सभासद. कधी लिहीत नाहीत, नुसते वाचतात. पण त्यांनाही मत आहे! आणि इथे टोपणनावं नकोत. मला नुसतं भाऊ म्हणा. घरात हेर आहेत."

निरोप कानोकानी सगळीकडे पोचला. सेनापतींनी कपाळ पुसलं आणि दाराजवळची जागा धरली. वेळ आलीच तर पळायला बरी.

"विषय सगळ्यांना माहीत आहे," बायकोने सुरुवात केली. "जुनं ठेवायचं की नवं आणायचं. बोला."

वकील उभे राहिले. ते तळमजल्यावर राहत असल्यामुळे लिफ्ट ही त्यांच्या मते चैन होती. "जुन्यात काय वाईट आहे? जुन्याला शिस्त आहे! आधी एकाने जायचं, मग दुसऱ्याने. सगळे एकदम घुसले तर मारामारी होईल!"

"वा! लाख बोललात!" विषकन्या टाळ्या वाजवत उठली. तिच्याबरोबर सगळे थांबकरी. वकिलांच्या बोलण्यावर आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या पडत होत्या. ते बसायचं विसरले.

"आणि नव्यात राक्षसासारखं कोणीतरी मागून येऊन धरतं, त्याचं काय?" विषकन्येने विचारलं.

काकूंनी पदर सावरला. "मागून धरतं? कोण धरतं?"

"कोणीही! अंधारात कळतसुद्धा नाही."

"म्हणून तर मी घसा फोडून सांगते, की आत दिवा हवा!"

"दिवा मिळणार आहे ना," काळसर्प नम्रपणे म्हणाला. "पण तिसऱ्याच्या वर गेल्यावर."

"मी तिसऱ्यावरच राहते!" काकू कडाडल्या.

"वर जाता जाता पडलो तर?" वकिलांनी टेबलावर हात आपटला. "पडून मेलो तर जबाबदार कोण?"

"मेलात तरी काही बिघडत नाही," काळसर्पाने त्यांना धीर दिला. "थोडं मागे जाऊन परत उठता येतं. मी स्वतः परवा रात्री जुन्यात सतरा वेळा मेलो."

वकील आता मात्र बसले. बायको भराभरा टिपणं घेत होती. 'सुरक्षिततेबाबत बी विंगमध्ये तीव्र भावना,' असं तिने लिहिलेलं सेनापतींना दिसलं.

मग आई उठली. एक हात कमरेवर, एक खुर्चीच्या पाठीवर.

"मी काय सांगते ते ऐका. आयुष्य गेलं माझं वाट बघण्यात. नुसतं उभं राहायचं! कधी आपल्यावर येईल, कधी आपल्यावर येईल, आणि येतं तेव्हा मधेच बंद पडतं! माणसाने म्हातारं व्हायचं का उभ्या उभ्या? अरे, बटण दाबलं की हललं पाहिजे!"

धावकऱ्यांच्या अंगावर काटा आला. महिनोन् महिने त्यांनी लांबच लांब पोस्टी लिहिल्या होत्या, पण असं कोणालाही मांडता आलं नव्हतं! काळसर्पाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याने पुढे होऊन आईच्या पायाला हात लावला. "आई, तुम्ही किती वर्षं खेळ... किती वर्षं सोसताय हे?"

"बिल्डिंग बांधली तेव्हापासून," आई म्हणाली.

"पाहिलंस? पायापासून!" काळसर्प शेजाऱ्याला म्हणाला.

"मत घेऊ," बायको म्हणाली. "जुनं ठेवायचं त्यांनी हात वर करा."

वकील, त्यांचे दोघे पाठीराखे, विषकन्या, सगळे थांबकरी. तिने हात मोजले. मग "नवं?" आई, काकू, वरच्या मजल्यांवरची मंडळी, सगळे धावकरी. तिने हात परत मोजले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"समसमान! असं कसं? कोणाचा तरी हात राहिलाय." तिची नजर फिरत फिरत दारापाशी आली. "अहो! तुमचा हात कुठाय?"

सगळा हॉल वळला. थांबकरी भक्तिभावाने बघत होते. एवढ्या वर्षांचा त्यांचा पुढारी! विषकन्येने तर डोळे मिटून मान हलवली, जणू निकाल लागलाच. आणि खुर्चीत बसून गुडघे चोळत आई बघत होती. नुसती बघत होती.

सेनापतींनी हात खिशात घातला, बाहेर काढला, मानेवरून फिरवला.

"डोकं खाजवताय की मत देताय?" बायकोने विचारलं.

सेनापतींनी डोळे घट्ट मिटले आणि हात वर केला. "नवं," ते म्हणाले. आवाज उंदराला शोभेल असा आला.

"सेनापती!!" विषकन्या किंचाळली. "सेनापती, तुम्ही फितूर?"

सगळ्या माना बायकोकडे वळल्या.

"सेनापती?" बायकोने पेन खाली ठेवलं. "म्हणजे हे बी विंगचे नाहीत तर!"

"मी पोस्टातला," काळसर्प घाईघाईने म्हणाला.

पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते सेनापती कोणालाही सांगत नाहीत. बायकोने बाहेरच्यांचे हात वजा करून शांतपणे परत मोजणी केली. वकिलांची बाजू एवढीशी उरली. नवी लिफ्ट दणक्यात पास! सेनापतींच्या मताची लिफ्टला मुळी गरजच नव्हती.

गटाने मात्र कोणाचेच हात वजा केले नाहीत. नुसते वाचणाऱ्यांनाही मत आहे, हे खुद्द सेनापतींनीच सांगितलं होतं. कंपनीला मत गेलं, 'नवं'. जिना उतरता उतरताच विषकन्येने सेनापतींना गटातून काढून टाकलं. काकूंनी मात्र वाटेत सगळ्यांना चहा देऊनच सोडलं, आणि वकिलांना कोणीतरी गटाचं सन्माननीय सभासद करून घेतलं.

त्या आठवड्यात सेनापतींनी एकाही गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा चष्मा दिला नाही. उत्तर लिहायला कोणी उरलंच नव्हतं. शनिवारी दुकानाच्या दारात चपला सरळ करत काळसर्प उभा.

"तुमच्याशी भांडल्याशिवाय करमत नाही हो," तो म्हणाला. "आणि आलोच आहे तर डोळेही तपासा. पोस्टातले लोक म्हणतात, हल्ली माझी पाकिटं चुकीच्या पत्त्यावर जातात."

सेनापतींनी त्याला खुर्चीत बसवलं. सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर दाखवलं. "हे काय आहे?"

काळसर्पाने मान पुढे काढली. "ढग?"

सेनापतींनी आपली खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही तो ट्रेलर पाहिला होता ना?"

"म्हणजे काय! शंभरदा. ते गूढ धुकं, त्यात ओझरती दिसणारी माणसं... त्या धुक्यासाठीच तर मी धावकरी झालो!"

ट्रेलरमध्ये धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं. सेनापतींनी एकामागून एक भिंगं बसवत चाचणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि फोनवर ट्रेलर लावून त्याच्या हातात दिला.

काळसर्पाने तो शेवटपर्यंत पाहिला. परत एकदा पाहिला. मग फ्रेम काढून, दोन्ही दांड्या नीट जुळवून काउंटरवर ठेवली.

"छे हो! हे तर अगदीच भंकस आहे," तो म्हणाला. "जुनंच बरं होतं. तुम्ही त्या दिवशी हात कशाला वर केलात?"