मावशी आणि मोटारसायकल

रविवारी सकाळी भाचा वायरब्रश घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला.

"जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आजोबांची मोटारसायकल लावतोय," तो म्हणाला. "फक्त ती पन्नास वर्षांच्या वरची आहे हे दाखवायचं. कुठलं मॉडेल, कुठलं साल, एवढं शोधलं की झालं."

"कशाला उगाच जुनं उकरून काढायचं?" मावशी म्हणाली. तिला गाडीची काळजी वाटतेय, असं भाच्याला वाटलं.

मावशी आणि ती परदेशी मोटारसायकल एकाच दिवशी घरी आल्या होत्या. एक दवाखान्यातून दुपट्यात, दुसरी बोटीतून लाकडी खोक्यात. दोघींना बघायला गल्ली लोटली होती. मोटारसायकलला जरा जास्त. "अगदी त्याच वर्षाचं मॉडेल!" असं आजोबा अखेरपर्यंत गाडीबद्दल सांगायचे आणि त्यात मावशी फुकट सापडायची.

कारण मावशीचं सांगायचं वय अठ्ठेचाळीस होतं आणि ते बदलायचा तिचा विचार नव्हता. काका पन्नाशीचे. लग्न ठरताना तिने स्वतःला त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान सांगितलं होतं. खरं तर ती चार वर्षांनी मोठी होती. संसार सुखाचा चालला होता, तो या दोन आकड्यांची कधी गाठ पडली नाही म्हणून.

आता काका अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते आणि गाडी त्यांच्या पुढ्यात उघडीवाघडी उभी होती.

गॅरेजवाला आला. त्याने टाकीवर टिचकी मारली. "चाळीसच्या वर नाही ही."

"काय पारख आहे हो तुमची!" मावशी म्हणाली आणि त्याच्या बशीत चार बिस्किटं वाढली.

मग शेजारचे भूगोलाचे मास्तर आले. रिटायर झाल्यापासून त्यांना पृथ्वीवरचं सगळंच आपल्या विषयात येतं असं वाटे. त्यांनी चाकाभोवती एक प्रदक्षिणा घातली. "पासष्ट तरी असेल. बांधाच सांगतोय."

"चहा संपला, मास्तर," मावशी म्हणाली. किटलीतून वाफ येत होती.

"अहो, टाकी बदललेली असू शकते," मास्तर गॅरेजवाल्याला म्हणाले.

"तसं असेल तर साठ धरा," गॅरेजवाला म्हणाला. मावशीने त्याच्या बशीतली दोन बिस्किटं परत उचलली.

"हे अंदाजपंचे नको," भाचा म्हणाला. "चासीवर, हँडलखाली नंबर असतो, शेजारी साल ठोकलेलं असतं. रॉकेल घेऊन येतो."

तो परत आला तेव्हा हँडलखालची जागा लाल चकाकत होती.

"मावशी, गाडीला नेलपॉलिश?"

"गंज चढू नये म्हणून."

"बाकीची सगळी गाडी गंजलीय की!"

"सुरुवात कुठून तरी करायला हवी ना?"

भाच्याने तिच्याच कपाटातलं रिमूव्हर आणून ते पुसलं. खाली काळ्या ऑइलपेंटचा जाड थर निघाला. हा मात्र कुणाचा, ते मावशीलाही ठाऊक नव्हतं. पण तिला वाटलं, देवच पावला. भाच्याने वायरब्रश घेतला आणि देवाला खरवडून काढलं.

"सापडलं!" तो नाचायलाच लागला. "सत्तावन्न! सत्तावन्न वर्षांची आहे! म्हणजे मावशी, तू पण..."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मास्तरांनी तर खालपासून वरपर्यंत पाहिलं. बांधा तपासावा तसं.

"कोण सत्तावन्न?" मावशी कडाडली. "जीभ झडेल! मी चोपन्नची आहे, चोपन्नची! एक दिवस जास्त नाही! दाखला आणून दाखवू?"

गॅरेजवाल्याने उरलेली बिस्किटं खिशात घातली.

"मग गाडीच तीन वर्षं गोदामात पडून असणार," तो हळूच म्हणाला. "तुमच्या वडिलांना जुनं मॉडेल नवं म्हणून चिकटवलं."

पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती काकांकडे बघत होती. काकांनी पेपराची नीट घडी घातली.

"तो काळा रंग मी मारला होता," ते म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तुझे बाबा येईल त्या पाहुण्याला 'पोरीच्याच वर्षाचं मॉडेल' म्हणत गाडी दाखवत सुटले होते. मी एकदा वाकून पाहिलं, तर तिथे साल ठोकलेलं. म्हटलं, तुला अवघडायला नको."

मावशी पायरीवर बसली. "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"कुठे माहीत होतं? मी आजवर तुला सत्तावन्नची समजत होतो. आज एकदम तीन वर्षांनी लहान झालीस."

मावशीने पदराने डोळे टिपले. मग काहीतरी आठवून तिने मान वर केली.

"आणि तरी इतकी वर्षं मला 'अहो' म्हणू दिलंत? मी मोठी असून?"

"बरं वाटायचं," काका म्हणाले. "वडीलधाऱ्या माणसाने मान दिला की."