सगळ्यांना ठाऊक असलेला गुप्त शब्द

लिफ्ट मेकॅनिकच्या दाराला तीन कड्या होत्या. एक घराबरोबरच आलेली, उरलेल्या दोन बायको गेल्यावर त्याने स्वतः बसवलेल्या. तिला जाऊन सहा महिने झाले होते. तेव्हापासून सारं जग आपल्या पाच वर्षांच्या लेकीवर टपून बसलंय, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. एक माणूस हातचं गेलं, आता दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात असायचं. इमारतीत सहा वर्षं राहूनही त्याला एकाही शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

लेक मात्र आईवर गेली होती. दिसेल त्याला थांबवायची आणि तुमच्या घरी कोण कोण आहे, तुम्हाला दात किती आहेत, अशी चौकशी करायची. मेकॅनिकच्या जिवाला घोर लागला. शेवटी त्याने गुप्त शब्द काढला.

"कुणी म्हणालं, चल, बाबांनी बोलावलंय, तर काय विचारायचं?"

"शब्द काय."

"आणि त्याला शब्द नाही आला तर?"

"तर तो वाईट."

"वाईट असेल, नसेल. अनोळखी. अनोळखी माणसाशी बोलायचंच नाही."

शब्द ठरला 'जिराफ'. मेकॅनिकने शाळेच्या मोठ्या बाईंनाही लेखी अर्ज दिला. जो शब्द सांगणार नाही त्याच्या ताब्यात मुलगी देऊ नये, मग तो कुणीही असो. 'कुणीही'च्या खाली त्याने दोन रेघा मारल्या. मोठ्या बाई नियमाच्या फार पक्क्या. इतका स्वच्छ अर्ज त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी तो ताबडतोब फाइलला लावला.

चौथ्या दिवशी इमारतीच्या वॉचमनने त्याला जिन्यापाशी गाठलं, मागेपुढे पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "जिराफ."

मेकॅनिकने तडक वर जाऊन लेकीला समोर बसवलं.

"का सांगितलास?"

"त्यांना येत नव्हता," लेक म्हणाली. "मग मी त्यांच्याशी बोलणार कशी?"

त्याने शब्द बदलून 'दुर्बीण' केला. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पाव बांधता बांधता "दुर्बीण" म्हणून डोळे मिचकावले. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बिनदाताच्या आजींनी जिन्यात तेच ऐकवलं. पाचव्या मजल्यावरचा चष्मेवाला कधी कुणाशी बोलत नसे, म्हणून मेकॅनिकला त्याचा सगळ्यात जास्त संशय. तोही दुर्बीण पुटपुटून खाली मान घालून निघून गेला.

मेकॅनिक रात्रभर तळमळला. सकाळी त्याने कुणाच्या बापाच्या लक्षात राहणार नाही असा शब्द चिठ्ठीवर लिहिला, 'ओव्हरस्पीड गव्हर्नर', आणि ती चिठ्ठी मोठ्या बाईंना द्यायला लेकीच्या दप्तरात ठेवली. लिफ्ट बेभान सुटली तर तिला रोखणारा हा भाग. त्याचा स्वतःचा या भागावर माणसांपेक्षा जास्त विश्वास होता.

आठवडाभर कुणी काही पुटपुटलं नाही. जिंकलो, असं त्याला वाटलं. जिंकल्याचा आनंद मात्र झाला नाही, कारण आता जिन्यात पुन्हा कुणी बोलायलाच येत नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी, लेकीची शाळा सुटायला पाऊण तास असताना, तो एका बँकेच्या लिफ्टमध्ये अडकला. सहावा आणि सातवा मजला यांच्या बरोबर मध्ये. फोन आणि हत्यारांची पिशवी बाहेर राहिली होती. त्याने मदतीचं बटण दाबलं. ते थेट त्याच्याच कंपनीच्या तक्रार केंद्राला लागलं.

"घाबरू नका," तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "आमचा मेकॅनिक निघालाच आहे."

"मेकॅनिक मीच आहे."

"अच्छा. मग दुसरा बघावा लागेल. दीड-दोन तास जातील."

"पाच वाजता माझी मुलगी सुटते हो. शाळेला कळवा, तिला कुणाच्याही हाती देऊ नका म्हणावं."

"कळवते. पण तिला आणायला कुणाला सांगू? शेजारी? मित्र?"

मेकॅनिकने तोंड उघडलं. सहा वर्षं, सात मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं, आणि सांगायला एक नाव नाही.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय," तो म्हणाला आणि खाली बसला. बायको गेली त्या दिवसानंतर तो पहिल्यांदा रडला. लिफ्टमध्ये आरसा होता, त्यामुळे ते त्याला बघावंही लागलं.

साडेसहाला तो सुटला आणि धापा टाकत शाळेत पोचला. ऑफिसबाहेरच्या बाकावर वॉचमन, बेकरीवाला, आजी आणि चष्मेवाला ओळीने बसले होते. लेक मधोमध पाव खात होती.

"सव्वापाचला तुम्ही दोघं दुकानावरून जाता," बेकरीवाला म्हणाला. "आज दिसला नाहीत. म्हणून आलो बघायला. हे तिघंही तसेच."

"चौघंही एकामागून एक आले," मोठ्या बाई वैतागून म्हणाल्या. "चौघांनीही शब्द बरोबर सांगितला. आता मुलगी कुणाला द्यायची याबद्दल अर्जात काहीच नाही. म्हणून सगळ्यांना बसवून ठेवलंय. तुमचा शब्द?"

"ओव्हरस्पीड गव्हर्नर," मेकॅनिक ठणकावून म्हणाला.

"चूक."

"अहो, मी बाप आहे तिचा."

बाईंनी फाइल उघडून त्याच्यापुढे धरली. "'मग तो कुणीही असो.' अक्षर तुमचंच ना? दोन रेघासुद्धा आहेत."

मेकॅनिकने लेकीकडे पाहिलं.

"तो शब्द आजींना म्हणताच येत नव्हता," ती म्हणाली. "म्हणून मी काल बाईंना तुझ्या नावाने नवा सांगितला. सोप्पा."

"आणि मला?"

"तू अनोळखी नाहीस ना. तुला कशाला लागतो?"

आजींनी बोटाने खूण केली. "इकडे ये. वाक जरा." तो वाकला. त्यांनी त्याच्या कानात शब्द सांगितला आणि त्याचा हात धरूनच ठेवला.

"तुझी बायको गेली ना, त्या दिवशी आम्ही आलो होतो रे वर. मी, हा चष्मेवाला. दोनदा बेल वाजवली. तू आतून 'कोण?' म्हणालास. आम्ही कोण ते आम्हाला सांगता येईना. गेलो परत."

मेकॅनिक सरळ झाला, बाईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बेडूक."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सही घेतली.

घरी येऊन त्याने सवयीने तिन्ही कड्या लावल्या. दहा मिनिटांत बेल वाजली. त्याने भोकातून पाहिलं. बाहेर चष्मेवाला लेकीची बाकावर विसरलेली पाण्याची बाटली घेऊन उभा होता, नजर पायपुसण्यावर.

"कोण?" मेकॅनिकने विचारलं.

बाहेर घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बेडूक."

तिन्ही कड्या काढायला वेळ लागला. तिसरी जरा घट्ट बसली होती.

"थांबा हं," मेकॅनिक आतून म्हणाला. "जाऊ नका. उघडतोय."