एका रकान्याला सात नारळ

खंडेनवमीच्या दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी डॉ. देवेंद्र टोकेकर यांनी महूला, सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावरून, इंदूरमधल्या आपल्या प्रयोगशाळेतला संगणक उघडला, आणि तो पहिल्याच प्रयत्नात उघडला. त्यांना याचे नवल वाटले नाही. आदल्या दिवशी त्यांनी अकरा मुद्द्यांची यादी केली होती: संगणक आपणहून झोपी जाऊ नये, वीज गेल्यास बॅटरीवर चालू राहावा, पासवर्ड दोन ठिकाणी लिहिलेला असावा, इत्यादी. रिमोट डेस्कटॉप ही व्यवस्था मुळात दूरच्या यंत्रावर विश्वास टाकण्याची आहे, आणि विश्वास टाकण्याची सवय नसल्यामुळे देवेंद्रांनी प्रत्येक मुद्दा दोनदा तपासला होता.

काम मोठे नव्हते, पण महत्त्वाचे होते. देपालपूरकडच्या एकेचाळीस विहिरींच्या पाण्यात सोयाबीनवरच्या फवारणीचा अंश किती उतरतो, याचा अभ्यास ते दोन वर्षे करत होते. एका जलसंशोधन निधीकडून अनुदान मिळाले तर तो पुढे चालणार होता; न मिळाल्यास दिवाळीपूर्वी बंद, असे संचालकांनी स्पष्ट सांगितले होते. अर्जाची मुदत त्या दिवशी चार वाजता संपत होती. निधीचे संकेतस्थळ प्रयोगशाळेच्या नोंदणीकृत संगणकावरच उघडत असे, आणि बायकोने, म्हणजे ऋजुताने, नवमीचे जेवण माहेरीच होईल हे गणपतीतच जाहीर केले होते. या दोन अटी एकाच वेळी पूर्ण करणारा उपाय एकच होता, आणि तो आता समोरच्या लॅपटॉपवर चालू होता.

देवेंद्रांनी शेहेचाळीस पानी अहवाल उघडला, शेवटच्या ओळीच्या टोकाशी कर्सर ठेवला, आणि तेवढ्यात सासूबाईंची, सुलोचनाबाईंची, हाक आली.

"देवेंद्रराव, पोळी तव्यावर आहे. कम्प्यूटर काही थंड नाही होणार."

वीस मिनिटांनी, तीन पुरणपोळ्यांनंतर, ते परतले तेव्हा अहवाल अठ्ठावीस पानांचा झाला होता. ते पाहत असतानाच सत्तावीस झाला. ओळी शेवटाकडून नाहीशा होत होत्या: आधी वेलांटी, मग अक्षर, मग शेजारचा काना. सेकंदाला साधारण तीस खुणा.

त्यांनी पहिले गृहीतक मांडले: महूच्या लॅपटॉपची खोडायची कळ अडकली असावी. लॅपटॉप उलटा करून झटकला. त्यातून शेवेचे तीन तुकडे पडले, परंतु खोडणे थांबले नाही. दुसरे गृहीतक: जोडणीतच दोष असावा. त्यांनी जोडणी तोडली, मिनिटभर थांबले आणि पुन्हा जोडली. मधल्या काळात एक पान आणखी गेले होते. जोडणी नसतानाही खोडणे चालू राहते, त्याअर्थी खोडणारा इंदुरात होता.

सुदैवाने माऊस त्यांचे ऐकत होता. त्यांनी माऊसने गेलेली पाने परत आणली, अहवाल बंद केला आणि एक कोरे पान उघडून ठेवले. आता इंदुरातली ती अज्ञात शक्ती कोऱ्या पानावर चरत होती.

"अरे, फोन लाव ना लॅबला," ऋजुता म्हणाली. "गृहीतकं काय मांडतोयस?"

प्रयोगशाळेत त्या दिवशी एकट्या वसुंधराताई होत्या. एकवीस वर्षे कार्यालय त्याच सांभाळत, आणि उपकरणांची नवमीची पूजाही त्याच करत. या पूजेविषयीचे आपले मत देवेंद्रांनी त्यांना दरवर्षी, पुराव्यांसह, ऐकवले होते. म्हणूनच फोन करायला त्यांना तीन मिनिटे लागली.

"वसुंधराताई, माझ्या संगणकापाशी कोण आहे?"

"कोणी नाही सरजी, मीच आहे. दोनच्या मुहूर्तावर पूजा झाली. मायक्रोस्कोप, काटा, भट्टी, अन् तुमचा कम्प्यूटर. एकदम बढिया सजवला आहे."

"कशाने सजवला?"

"स्क्रीनला झेंडूचा हार. सुपारी ठेवत होते, पण ती घसरून राहिली होती. मग नारळ ठेवला."

"कुठे?"

"कीबोर्डवर. वर, उजव्या कोपऱ्यात. तिथे मस्त बसला."

संगणकाची कळ दाबायला साठ ग्रॅम वजन पुरते. सुपारी आठ-दहा ग्रॅमची असते. नारळ अर्धा किलोचा होता.

"तो उचला," देवेंद्र म्हणाले.

"आता कसा उचलणार? पूजा झाली ना. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली, की मग."

"मग कीबोर्डची वायर काढा, मागून. नारळाला धक्काही लागणार नाही."

"वायर पण त्याचीच आहे ना सरजी? आज हत्यारांना आराम असतो." त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिले. "एक मिनिट. मतलब, तुम्ही त्याच्यावर काम करून राहिले? आज?"

"मी त्याला हात लावलेला नाही. मी महूत बसलोय."

वसुंधराताई नियमाच्या पक्क्या होत्या, आणि नियमाचा शब्द त्यांच्या दृष्टीने आधी पूर्ण वाचायचा असतो.

"बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "हात लावायचा नाही, असंच आहे ते. मग तुम्ही हात न लावता करा, मी हात न लावता बघते."

या युक्तिवादात देवेंद्रांना कुठेही दोष सापडला नाही. अडचण तीच होती. महूहून निघून, नवमीच्या गर्दीतून, इंदूर ओलांडून सांवेर रोडवरच्या प्रयोगशाळेत पोहोचायला दोन तास लागले असते, आणि घड्याळात अडीच वाजत आले होते.

अहवाल अर्जाला माऊसने जोडता आला. प्रश्न अर्जातल्या आठ रकान्यांचा होता. ते भरायचे होते हिंदीत, आणि कुठल्याही रकान्यात मजकूर टाकला की नारळ तो शेवटाकडून खायला लागे. देवेंद्रांनी मजकूर महूच्या लॅपटॉपवर लिहून, तिकडे चिकटवून, लगेच 'जतन करा'वर टिचकी मारून पाहिली. मारेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ गेला. त्यात नाव "डॉ. देवेंद्र टोकेकर" होते, त्याचे "डॉ" राहिले.

दुसरा कुणी हताश झाला असता. देवेंद्रांनी मोबाईलच्या घड्याळावर दहा वेळा हा अवधी मोजला. सर्वांत मोठा आला एक पूर्णांक सहा दशांश सेकंद, म्हणजे अठ्ठेचाळीस खुणा. मजकुराच्या शेपटीला तेवढा फालतू मजकूर जोडला, तर नारळ तो खाईल आणि खरा मजकूर वाचेल. ऐनवेळी दुसरा शब्द सुचेना, म्हणून त्यांनी 'नारियल' लिहिले. सहा खुणा, एक मोकळी जागा, एकूण सात. सात साते एकोणपन्नास.

"एका रकान्याला सात नारळ," ते स्वतःशीच म्हणाले.

"म्हणजे तू त्याला खाऊ घालतोयस," ऋजुता म्हणाली.

"मी विलंबाची भरपाई करतोय."

"आई, अगं बाहेर ये. देवेंद्र नैवेद्य दाखवतोय."

सुलोचनाबाई हात पुसत आल्या आणि पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "सात कशाला? पाच चालतात हो."

"पाचात भागत नाही. आडनाव जातं."

"मग सातच ठेवा. आडनाव राहिलं पाहिजे."

फोन चालूच होता. तिकडे वसुंधराताई, हात मागे बांधून, पडद्यासमोर उभ्या राहून वर्णन करत होत्या. "सरजी, नाव आलं. आता नारियल, नारियल येऊन राहिलं. हां, जाऊन राहिलं. तीन उरले. दोन. दाबा, दाबा."

जेथे एखादा नारळ उरे, तेथे देवेंद्र पुन्हा चिकटवत. तिसऱ्या रकान्यापर्यंत त्यांचा हात बसला. पाचव्याला सुलोचनाबाईंनी खुर्ची ओढून घेतली. सातवा रकाना एका फटक्यात अचूक बसला, तेव्हा महू आणि इंदूर अशा दोन्ही ठिकाणी टाळ्या वाजल्या, आणि देवेंद्रांनी, कोणी पाहत नाही असे समजून, तोंड भरून हसून घेतले.

आठवा रकाना होता 'पाणी शुद्ध करण्याचा प्रस्तावित उपाय'. देवेंद्रांनी त्यात एका परदेशी राळेविषयी, म्हणजे रेझिनविषयी, बारा वाक्ये लिहून ठेवली होती.

"तीन एकोणसाठ," ऋजुता म्हणाली.

त्यांनी मजकूर निवडला, चिकटवला, जतन केला, अर्ज पाठवला. चार वाजता संकेतस्थळ बंद झाले.

"झालं सरजी," वसुंधराताई म्हणाल्या. "पण शेवटच्यात नुसता नारळच आला. दोन उरले."

घाईत त्यांनी निवडलेल्या मजकुरात फक्त शेवटची, सात नारळांची, ओळ आली होती. बारा वाक्ये महूतच राहिली होती. नारळाने सातांपैकी पाच खाल्ले होते, आणि पाणी शुद्ध करण्याचा उपाय म्हणून निधीकडे गेले होते: "नारियल नारियल".

पुढचे तीन आठवडे देवेंद्रांनी विहिरींच्या बाटल्या पुसून कपाटात लावण्यात घालवले. मग एका सकाळी निधीच्या अध्यक्षा डॉ. निवेदिता यांचा फोन आला.

"टोकेकर, अभिनंदन. बाकीच्यांनी उपायावर चार-चार पानं लिहिली होती. सगळ्यांचं सगळं परदेशातून येणार. करवंटीचा कोळसा फवारणीचा अंश शोषून घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे, पण लिहिलं तुम्ही एकट्यानं. तेही एका शब्दात."

देवेंद्र प्रामाणिक मनुष्य होते. "मॅडम, ती चूक आहे," ते म्हणाले. "मला राळ लिहायची होती. कीबोर्डवर नारळ होता."

"अच्छा. म्हणजे काम सुरूही केलंत?"

त्यांनी सर्व हकीकत सांगितली: मुहूर्त, साठ ग्रॅम, एकोणपन्नास खुणा. पलीकडे बराच वेळ नुसते हसणे ऐकू आले.

"राळही तपासा, करवंटीही तपासा," निवेदिता शेवटी म्हणाल्या. "आता तुम्हीच मोजून सांगा. मोजायला तुमच्यासारखा माणूस हवाच होता. पत्र आजच निघेल."

त्या दुपारी देवेंद्रांनी प्रयोगशाळेसाठी लागणाऱ्या साहित्याची मागणी लिहिली, 'उपकरणे' या शीर्षकाखाली पहिल्याच ओळीत 'नारळ, नग दोनशे' असे नोंदवले आणि कागद सहीसाठी वसुंधराताईंकडे दिला. त्यांनी तो चष्मा लावून, नियमाप्रमाणे, पूर्ण वाचला.

"नारळ आता उपकरणांत गेला का सरजी?"

"हो. रीतसर."

"मग पुढच्या नवमीला त्याची पण पूजा करावी लागेल," वसुंधराताई म्हणाल्या आणि सही करता करता थांबल्या. "अन् त्याच्यावर काय ठेवायचं?"