शाहिनाझची डावी बाजू

माणूस मर्त्य आहे, आणि त्यामुळे पुष्कळांची कारकीर्द मार्गी लागते. कैरोत नामवंतांच्या घरी कुणी वारलं की मोठ्या मशिदीच्या दालनात दुखवटा भरतो. आत कुराणपठण आणि बिनसाखरेची कॉफी, बाहेर कॅमेरे. कोण किती रडलं याची नोंद आत कुणी ठेवत नाही, बाहेर ठेवतात. शाहिनाझ रिफ्की या क्षेत्रातली जुनी कार्यकर्ती.

तिच्याच शब्दांत सांगायचं तर, मॉडेल होती तेव्हा तिला तोंड बंद ठेवायचे पैसे मिळत. पुढे ती नटी झाली, तरी तोंड बंदच राहिलं, फक्त कपडे काळे झाले. अकरा वर्षांत सात मालिका, सातही वेळा विधवा. एकूण वाक्यं नऊ (त्यांतली सहा 'अरे देवा' या आशयाची). याच काळात दुखवटे मात्र त्रेसष्ट. दुखवट्यातला फोटो छापून येई, तो पाहून कुणी दिग्दर्शक म्हणे, "हिला काळं शोभतं," की आली पुढची विधवा. व्यवस्थेत खोट काढायला जागा नव्हती. उजवीकडून नाक जरा बाकदार दिसतं, म्हणून गाडीतून उतरताना ती डावी बाजू पुढे करी. हा शोकाचा भाग नव्हे, पण त्याशिवाय शोक छापत नाहीत.

मधल्या रिकाम्या वेळात ती चित्रकार झाली. झमालेक या उच्चभ्रू वस्तीतल्या गॅलरीत सोळा चित्रं लावली, सगळी काळी (रंग कुठला घ्यायचा हा प्रश्न मिटतो). कॉफीवाला दुखवट्यांतला नेहमीचाच, त्यामुळे कॉफी बिनसाखरेची आली. पाहुण्यांनी घोट घेतला आणि सवयीने तिचा हात हातात धरून दुखवट्यातलं ठरलेलं वाक्य म्हणाले, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." तिनेही सवयीने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी एका समीक्षकाने याला धाडसी प्रयोग म्हटलं.

रमजान दोन महिन्यांवर आला असताना निर्माते मद्कूर यांची आई वारली. रमजानमध्ये अख्खा देश रोज रात्री मालिका बघतो; मद्कूरच्या त्या मालिकेत एक भूमिका रिकामी होती: एकशेचाळीस वाक्यं, भरपूर रडू, आणि नवरा शेवटपर्यंत जिवंत. शाहिनाझने अशा भूमिकेची अकरा वर्षं वाट पाहिली होती. तिचा मॅनेजर शुक्री याने फोनवर सूचना दिल्या. "उद्या संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर, मॅडम. एकोणतीस कॅमेरे आहेत. गॉगल लहान घाला, डोळे दिसू देत. मद्कूरसाहेब स्वतः दारात उभे राहणार."

तासाभराने दुसरा फोन आला. करीमाचा, एतेमादमावशीच्या भाचीचा.

"मावशी गेली. उद्या संध्याकाळी दुखवट्याला बसतोय, इम्बाबात, आमच्याच गल्लीत. तू येच असं नाही म्हणत. कळवलं आपलं."

एतेमादमावशी शिवणकाम करायची. पहिल्या फॅशन शोला एकोणीस वर्षांची शाहिनाझ पडद्यामागे थिजून उभी होती, तेव्हा तोंडात टाचण्या धरूनच ती म्हणाली होती, "कपडा चालतो, पोरी. तू फक्त आत राहा." पुढे काळे कपडेही तिनेच शिवले. दर वर्षी कंबरेत अर्धा बोट सैल करायची आणि त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. इतकं प्रेम शाहिनाझवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

"मी इम्बाबाला जातेय," तिने शुक्रीला सांगितलं.

"तिथे कोण येतंय?"

"कुणी नाही."

"मग जाताय कशाला?"

धंद्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता.

इम्बाबाच्या त्या गरीब वस्तीत, गल्लीतल्या कापडी मांडवाखाली पुरुष बसले होते. बायका अरुंद जिन्याने वर, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. शाहिनाझने गॉगल काढला आणि ती रडायला बसली. काजळ ओघळलं, नाक वाहू लागलं, बाकासकट. त्रेसष्ट दुखवट्यांचा अनुभव काडीचा उपयोगी पडला नाही. तेवढ्यात समोर रडणाऱ्या एका शेजारणीने रडता रडता मोबाइल वर केला, आणि शाहिनाझची मान आपोआप वळली. डावी बाजू पुढे आली. हुंदका अर्धवट राहिला.

तिला स्वतःची इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं.

"बस गं," करीमा म्हणाली. "मावशी असती तर तिनेच मान वळवून दिली असती. वर कॉलरही सारखी केली असती."

सकाळपर्यंत तो व्हिडिओ बारा लाख लोकांनी पाहिला. बावन्न टक्क्यांच्या मते नाटक, चाळीस टक्क्यांच्या मते खरं रडू; उरलेल्या आठ टक्क्यांनी ड्रेस कुठून घेतला ते विचारलं. दुपारी मद्कूरचा फोन आला.

"एकच विचारतो. रडणं खरं होतं की अभिनय? अभिनय असेल तर भूमिका तुमची. खरं असेल तर शूटिंगचे पंचवीस दिवस रोज कसं जमवाल?"

शाहिनाझने फोन उजव्या कानावरून डाव्या कानाला घेतला. मग म्हणाली, "अभिनय."

आता ती मद्कूरशी खोटं बोलली की खरं, एवढं तुम्हाला समजून घ्यायचं आहे. साहजिक आहे, शेजारणीनेही त्याचसाठी मोबाइल वर केला होता. फक्त इम्बाबाच्या त्या जिन्यात असे मध्येच उभे राहू नका, जरा भिंतीला सरका. एतेमादला ओळखणारी माणसं तुमच्यामागे खोळंबली आहेत.